कमरेची किल्ली

यातलं एकही वाक्य रंगवलेलं नाही. बातम्या लिहिण्यात आयुष्य गेलं. जे पाहिलं, ऐकलं, तेवढंच सांगते.

गेल्या मार्चमधला बुधवार. भर दुपार. चिंचवडमधलं तळमजल्यावरचं एक तपासणी केंद्र.

आई गेल्यापासून माझी कंबर दुखत होती. डॉक्टरांनी हाडांची घनता मोजायला पाठवलं होतं.

आई, कस्तुराबाई, चाकणला माझ्या धाकट्या भावाकडे राहायची. धनेश आणि त्याची बायको, दोघंही कंपनीत शिफ्टला. इमारतीची लिफ्ट कायम बंद. नातवाला, आयुषला, कडेवर घेऊन आई जिने चढायची.

"पिंपळे गुरवला माझ्याकडे चल," मी म्हणायचे.

"कशाला? धन्यानं मशीनखाली झोपवून तपासून आणलंय मला. हाडं लोखंडाची हायेत म्हणं!"

मग एक दिवस जिन्यातच तिचा खुबा मोडला. पडल्यामुळे मोडला नव्हता. मोडल्यामुळे ती पडली होती.

त्यातून ती उठली नाही.

केंद्रात मिनल नावाची टेक्निशियन होती. "अंगावर धातूचं काही नको हं. पिना, हुक, सगळं काढा."

काढलं. गाऊन घालून टेबलावर झोपले. यंत्राचा हात वरून सरकू लागला. बारीक घरघर…

थांबली.

"मॅडम, कमरेची किल्ली राहिली."

"माझ्याकडे किल्ली नाही."

तिने गाऊन चाचपला. काहीच नव्हतं.

पुन्हा घरघर… पुन्हा थांबली.

या वेळी तिने स्क्रीनच माझ्याकडे वळवला.

माझे मणके. त्यांच्या शेजारी, पांढरी शुभ्र… एक मोठी सेफ्टी पिन. पिनेत अडकवलेली किल्ली. अर्ध्या तुटलेल्या मुठीची.

आईची.

ती सदा कमरेला असायची. चालताना पिनेवर वाजायची. अस्थींबरोबर मी स्वतः ती इंद्रायणीत सोडली होती.

मिनल स्क्रीनकडेच बघत होती.

"अशी किल्ली एका आजींची होती. काढूच देईनात. कशीबशी मुलाकडे द्यायला लावली. हाडं फार ठिसूळ झाली होती हो त्यांची. डॉक्टरांनी माझ्यासमोर मुलाला बजावलं, वजन उचलू देऊ नका. पोर तर नाहीच."

"मुलगा काय म्हणाला?"

"'तिला सांगू नका, उगाच घाबरेल. मी बघतो.'"

बाहेर येऊन धनेशला फोन लावला. त्याच्यामागे मशीनचा खडखडाट.

"आईची हाडं ठिसूळ झाली होती. तुला माहीत होतं?"

खडखडाट चालूच.

"धन्या, बोल."

"मग आयुषला कुणी सांभाळलं असतं, ताई?"

त्यानेच पुढे विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"आईच्या किल्लीनं."

खडखडाट मागे पडत गेला. मग अगदी हळू…

"तुलापण ऐकू येते? रोज… जिन्यात?"

मी फोन ठेवला. त्यानंतर त्याच्या घरी गेलेले नाही. त्याची बायको सांगते, आयुष जिन्याशी आला की थांबतो. रिकाम्या पायरीकडे दोन्ही हात वर करतो.

त्या दुपारी फोननंतर मी परत आत गेले. मिनलने तिसऱ्यांदा स्कॅन केलं, तेव्हा चित्र स्वच्छ आलं. हाडं उत्तम आहेत म्हणाली.

मी विचारलं, "खरं सांगतेस ना?"

ती हो म्हणाली.

धनेशही आईला हो म्हणाला असेल.