गाडी आधी, रिमोट नंतर

आमचे थोरले भावोजी कुलपं उघडायचं काम करतात. किल्ली हरवली, दार अडकलं, की लोक त्यांना बोलावतात. माणूस सरळ. थापा मारायला डोक्यात काहीतरी शिजावं लागतं, ते त्यांच्या डोक्यात कधी शिजलं नाही. म्हणून मी ही गोष्ट लिहिते. दुसऱ्या कोणी सांगितली असती तर त्याला मी दारातूनच परतवून लावलं असतं.

त्या रात्री लाइट गेली होती. आम्ही सगळे गच्चीवर बसलो होतो. माझी धाकटी मुलगी रिमोटच्या गाडीच्या शर्यती खेळते. मैदानातून आली, चिखलानं भरलेली गाडी तशीच खाटेखाली सरकवली आणि वर येऊन बसली.

भावोजी म्हणाले, "बॅटरी काढलीस?"

"उद्या काढीन हो, मोठे काका."

"गाडीचं बटण?"

"रिमोट बंद केलाय ना. पुरे झालं."

भावोजी तिच्याकडं वळले. मग म्हणाले, "माझ्या साडूनं एवढंच केलं होतं."

माझी थोरली मुलगी हसली. "झालं. आता भूत येणार."

"तू हस. मी दार उघडायला गेलो होतो, तू नव्हतीस."

तर हे साडू. भावोजींच्या बायकोच्या बहिणीचा नवरा. चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. खाली तळघरात एक खोली त्यांनी घेतली आहे. लोक शर्यतीच्या गाड्या त्यांच्याकडे सांभाळायला ठेवतात. घरी ठेवल्या तर पोरं मोडतात, बायका फेकून देतात. साडू मात्र लेकरासारख्या ठेवायचे. आल्या आल्या ब्रशनं चिखल काढायचा, फडक्यानं पुसायची, वाळवायची. बॅटरी काढून, अर्धीच भरलेली ठेवून, वाळूच्या डब्यात. गाडी लाकडाच्या ठोकळ्यावर, चाकं अधांतरी. जमिनीवर टेकून राहिली तर टायर एका बाजूनं चपटतो. रिमोट समोरच्या फळीवर, सेल काढून.

आणि एक नियम. बंद करताना गाडी आधी, रिमोट नंतर. कधीही उलट नाही.

धाकटी म्हणाली, "का पण? शेवटी दोन्ही बंदच करायचं."

"रिमोट आधी बंद केलास तर गाडी जागीच असते. तिचे कान उघडे. तिच्याशी बोलणारा गेलेला. मग दुसरं कोणीही बोललं तरी ती ऐकते." भावोजी म्हणाले. "हे साडूनंच मला शिकवलं. हजार लोकांना शिकवलं असेल."

मंगळवार होता. संध्याकाळी एकदम सहा गाड्या आल्या. वरून बायको हाका मारत होती, पाहुणे येऊन बसलेत, ताटं वाढायचीत, तुम्ही त्या भुयारात काय करताय. साडूंनी घाईघाईनं पाच गाड्या आवरल्या. सहावी हिरवी. तिचा रिमोट बंद केला, सेल काढले, गाडी ठोकळ्यावर ठेवली आणि वर पळाले.

रात्री दात घासताना आठवलं. हिरवीचं बटण चालूच आहे. बॅटरीही आतच.

पावणेअकरा वाजले होते. पाहुणे गेले होते. साडूंनी तोंड पुसलं, तळघराची किल्ली घेतली. बायकोला म्हणाले, "दोन मिनिटांत आलो."

"त्या गाड्यांशीच लग्न करायचं होतं मग."

"त्या इतकं बोलत नाहीत."

बायको हसली आणि कूस बदलून झोपली. साडूंचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. दोन मिनिटांसाठी कोण काढतं?

तळघराचं दार लोखंडी. मागं स्प्रिंग. सोडलं की आपोआप लागतं आणि खटका पडतो. किल्लीचं भोक फक्त बाहेरून. आतून साधा पत्रा. साडू नेहमी खाली लाकडाची पाचर ठोकून दार उघडं ठेवायचे. त्या रात्रीही ठोकली. दिवा लावला.

हिरवी ठोकळ्यावर नव्हती.

खोलीच्या मधोमध, जमिनीवर, दाराकडे तोंड करून उभी होती.

साडूंना वाटलं, पडली असेल. मोटर थरथरली, घसरली, पडली. वाकले. उचलायला हात घातला.

गाडी वीतभर मागं गेली.

"काय गं," साडू म्हणाले. हसून. पुन्हा हात घातला. पुन्हा वीतभर मागं. मग ती थांबली आणि एकदम सुटली. त्यांच्या दोन पायांमधून. सरळ पाचरीवर.

पाचर उडाली.

दार लागलं. खटका पडला.

किल्ली साडूंच्या हातात होती.

"अरे देवा," थोरली म्हणाली. ती आता हसत नव्हती.

साडूंनी दार वाजवलं. हाका मारल्या. लोखंडावर मुठी आपटून आपटून दुखायला लागल्या. वर दोन मजले, मधे जाड स्लॅब. बायकोची झोप अशी की बँड वाजला तरी उठायची नाही. खिडकी नाही. भिंतीत पाइपाएवढं एक भोक होतं, तेही मागच्याच वर्षी उंदरांमुळं साडूंनी स्वतः बुजवलं होतं. दाराखाली बोटभर फट. बस.

मग त्यांना राग आला. गाडी कोपऱ्यात गाठली, धरली, उलटी केली. बटण बंद केलं.

चाकं फिरतच राहिली.

झाकण उघडलं. बॅटरी उपसून काढली. आता एका हातात गाडी, दुसऱ्या हातात बॅटरी. मधे तार नाही, काही नाही.

चाकं फिरत होती. सावकाश.

दोन्ही हातांतलं एकदम सुटलं. गाडी चाकांवर पडली. बॅटरी एका टोकावर आदळली, फळीच्या लोखंडी पायावर.

धाकटी पटकन म्हणाली, "फुटली?"

"चेपली. तुला माहीत आहे पुढं काय होतं."

तिला माहीत होतं. ती बॅटरी चेपली की आधी फुगते. मग फुसफुसते. मग गोडसर वास येतो. मग धूर. बंद खोलीत तो धूर म्हणजे संपलंच. साडूंना हे पाठ होतं. म्हणूनच तर वाळूचा डबा. डबा समोरच्या कोपऱ्यात, आठ पावलांवर. झाडूनं ढकलत नेली असती, वाळूत पुरली असती, वाचले असते.

झाडू घेतला. एक पाऊल उजवीकडं टाकलं.

हिरवी उजवीकडं आली. आडवी.

डावीकडं टाकलं. डावीकडं आली.

आणि त्यांना आवाज आला. बारीक. चर्र... पुढची चाकं वळताना होतो तसा. पण एका गाडीचा नाही.

मान वर केली. तिन्ही भिंतींना फळ्या. फळ्यांवर तीस गाड्या. ठोकळ्यांवर, अधांतरी, बॅटऱ्या काढलेल्या. सगळ्यांची पुढची चाकं डावीकडं वळलेली.

साडू उजवीकडं सरकले. अर्धंच पाऊल.

चर्र...

तिसांची उजवीकडं.

गच्चीवर धाकटी माझ्याजवळ सरकली. भावोजींनी तोंडावरून हात फिरवला.

"कोण होतं, मोठे काका?"

"मला काय ठाऊक? गाडीला तरी काय ठाऊक? तिनं ऐकलं."

बॅटरी पेटली. धूर आला. साडूंनी अंगातला शर्ट काढून नाकातोंडाला गुंडाळला. डब्याकडं जायचं सोडलं. धूर वर चढतो, म्हणून ते पालथे पडले. पोट जमिनीला. तोंड दाराच्या फटीला. तेवढीच हवा. एक श्वास... थांबायचं... एक श्वास. मागं बघता येत नव्हतं. तोंड हलवलं की धूर.

दिवा गेला.

कोणी बंद केला नाही. गेला.

फुसफुस थांबली. अंधार. सगळं गप्प.

चर्र...

मग काही नाही. बराच वेळ.

मग जमिनीवर चाक. जवळ. थांबलं.

मग...

"मग?" थोरली म्हणाली.

"पुढचं त्यानं कधी सांगितलं नाही," भावोजी म्हणाले. "बायकोलाही नाही."

पहाटे साडेपाचला बायको उठली. शेजारी कोणी नाही. खाली धावली. दारातून जळका वास. हाका मारल्या, उत्तर नाही. दुसरी किल्ली कुठं आहे ते तिला माहीत नव्हतं. तिनं मेव्हण्याला, म्हणजे भावोजींना, फोन केला. सहा वाजून दहा मिनिटांनी भावोजी तिथं होते.

"तसलं कुलूप मी अर्ध्या मिनिटात उघडतो," ते म्हणाले. "त्या दिवशी तीन मिनिटं लागली. मेव्हणी मागून माझ्या पाठीत बुक्के मारत होती, भाऊजी, लवकर, भाऊजी, लवकर."

दार उघडलं तर साडू दाराशीच पालथे. नाक फटीला. जिवंत. अंग गार, डोळे उघडे. भावोजींनी काखेत हात घालून ओढत पायऱ्यांपर्यंत आणलं. मग आत टॉर्च मारून पाहिलं. जमिनीवर जळून कोळसा झालेली एक बॅटरी. फळ्यांवर गाड्या. मोजल्या. एकतीस. हिरवीसुद्धा आपल्या ठोकळ्यावर. चाकं सगळ्यांची सरळ.

धाकटी बारीक आवाजात म्हणाली, "धुरानं भास झाला असेल. मेंदूला हवा कमी पडली की होतात."

"दवाखान्यात हेच म्हणाले. आम्हीही हेच धरून बसलो. दोन दिवस बरं वाटलं."

तिसऱ्या दिवशी साडूंना घरी आणलं. उभं राहवत नव्हतं, म्हणून बायकोनं स्टुलावर बसवून आंघोळ घातली. पाठीला साबण लावायला मागं गेली आणि तिच्या हातातला तांब्या पडला. तिनं भावोजींना आत बोलावलं. लाज बाजूला ठेवून बोलावलं.

डाव्या टाचेपासून एक पट्टा निघाला होता. दोन बोटं रुंद. काळानिळा. बारीक चौकोन चौकोन, टायरच्या नक्षीचे. पोटरीवरून वर, मांडीवरून वर. त्या रात्रीच्या विजारीवर डाग नव्हता, धागा उसवला नव्हता, पण खालच्या कातडीवर पट्टा अखंड. कंबर, कणा, मान. सगळा वरच जाणारा. साबणानं गेला नाही, रॉकेलनं गेला नाही. आज आठ महिने झाले, आहे तसाच आहे.

"मी नीट पाहिलं," भावोजी म्हणाले. "दिवा धरून पाहिलं. मानेवरून तो केसांत शिरतो. केस बाजूला केले. तिथं संपतो."

त्यांनी स्वतःच्या टाळूवर बोट टेकवलं.

"खाली उतरल्याची खूण कुठंच नाही."