मन्सूरमियाची थंड भट्टी

जरा सरकून बसा पोरांनो, आणि मधेच दात काढू नका. लहानू माझा साडू, खोटं बोलायची त्याची टाप नाही.

अठ्ठ्याण्णव सालची कार्तिक अमावास्या. लहानू बायकोला, गुणाबाईला, बैलबंडीतून सावली गावाला माहेरी पोचवायला निघाला होता. आठवा महिना सरत आलेला, घाई काहीच नव्हती. पावणेनऊच्या सुमारास जंगलातल्या रस्त्यावर चाक धरून ठेवणारी लोखंडी खीळ तुटली. चाक निखळलं, बंडी कलंडली आणि गुणाबाईला तिथंच कळा सुरू झाल्या.

जवळच मन्सूरमिया लोहाराचं घर होतं. मिया वारून दोन महिने झालेले. त्याची बायको रहमतबी कंदील घेऊन धावली. दोघांनी गुणाबाईला उचलून घरात नेलं. थोड्या वेळानं रहमतबी घाबरून बाहेर आली.

“भाऊ, पोराचे पाय आधी येऊन राह्यले. माह्याच्यानं नाई होत. सावलीच्या दवाखान्यात न्या.”

“खिळीबिगर कसा नेऊ, बाई?”

तिनं भट्टीच्या खोपीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

लहानूनं जन्मात भट्टी पेटवली नव्हती. त्यानं टोपलंभर कोळसा ओतला, वर पेटती चिंधी ठेवली आणि जीव खाऊन पंखा फिरवला. पिवळा धूर झाला. विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. घरातून गुणाबाई ओरडत होती. लहानू ढसाढसा रडला. पेटीत एकच काडी उरली होती.

“मधात लाकूड ठेव, लहानू... कोळसा कडेनं.”

आवाज पाठीमागून आला.

त्यानं तसंच केलं. काडी ओढली.

“पंखा हळू... घाई काऊन करून राह्यला?”

आग धरली. कोपऱ्यातली लोखंडी सळई त्यानं आत खुपसली, ती लाल झाली. आवाज ओळखीचा होता. दर हंगामात फाळ पाजवायला आल्यावर याच भट्टीपाशी ऐकलेला. लहानूची मान वळेना.

“पांढरी होऊ देऊ नोको. जळते.”

त्यानं ठोकली. अजून जाड होती. पुन्हा आगीत घातली.

घरातलं ओरडणं थांबलं...

पार थांबलं.

लहानूचा हात पंख्यावरून सुटला.

“तू पंखा सोडू नोको... तिकडं मी पायतो.”

मग मागे कोणी नव्हतं. त्याला न बघताच कळलं.

खीळ झाली. पाण्यात बुडवली. तो पळाला. दारात पोचला आणि पोर रडलं. गुणाबाई डोळे उघडून बघत होती. रहमतबी मात्र भिंतीला चिकटून उभी...

“म्या हात नाई लावला, भाऊ... कोनीच नाई लावला...”

लहानूनं कंदील जवळ नेला. पोराच्या दोन्ही घोट्यांवर, धरून ओढावं तशी, कोळशाची काळी बोटं उमटली होती.