उरसाचा पाचवा घोडा

माणूस दिसला तो पाठमोरा. एका हातात खराटा, शेजारी राखेची पाटी… आणि हुमानं आदल्या दिवशी दौडीच्या वाटेवर कंबर मोडेस्तोवर मारलेली चुन्याची फक्की तो खुशाल झाडून टाकत होता.

हुमानं चांदणीचा लगाम खेचला. "ओ… काय करून राहिलाव?"

"पुसून राहिलोय."

"ते दिसतंय. कुणाला विचारून?"

आता कुठं तो वळला. केसांत कुसळं, नाकावर चुना, चष्म्यावर धूळ. वर हसला. काही माणसांना देवानं अक्कल चिमटीनं दिलेली असते आणि हसू पसाभर.

"नजीर नालबंदांच्या हुमा ना तुम्ही? मी यासेर. हे माझं गाव."

हे गाव म्हणजे जुनं कासारखेडा. भूकंपानंतर माणसं तिकडं माळावर सिमेंटच्या घरांत गेली, इकडं मागं राहिली वेडी बाभूळ. पीरसाहेबांच्या उरसाच्या घोडदौडीची वाट याच ओसाड गावातून जायची. पहाटेच्या अजानला सुटायचं, दिवसभर माळ, कालवे, ओढे तुडवायचे, आणि मावळतीच्या अजानआधी दर्ग्यावर परत. पहिला कोण, याला कुणी विचारत नसे. घोडा चारी पायांवर धड आला पाहिजे, एवढाच कायदा.

एके काळी दर्ग्याचं पटांगण घोड्यांना पुरत नसे. आता मांड बसायचं वय झालं, की पोरगं लातूरच्या क्लासात नेऊन कोंबायचं. त्यात मागल्या साली हुमाच्या अब्बांचा, नजीरमियांचा घोडा एका उघड्या खड्ड्यात गेला. घोडा गेला, नजीरमियांचा खुबा मोडला आणि उरलेल्या बापांना आयतं निमित्त सापडलं. उरसाच्या समितीचे गुरुबसप्पा म्हणाले, "यंदा पाच घोडे धड परत आले तर दौड राहील. न्हाईतर पुढच्या सालापासून नुसता आर्केस्ट्रा."

हुमानं दारोदार हिंडून, कुणाला गोड बोलून, कुणाची लाज काढून पाच घोडे जमवले होते. स्वतः ती चांदणीवर बसली असती तर सहावा झाला असता. पण बाईचा घोडा समिती मोजत नसे. समितीची अक्कल तेवढीच.

"करता काय तुम्ही? फक्की पुसायचा धंदा हाय का?"

"लातूरला फिजिक्स शिकवतो. क्लासात."

"म्हणजे आमची पोरं पळवणारे तुम्हीच."

"मी कशाला पळवू? त्यांचे बाप आणून टाकतात." त्यानं पहार उचलली. "घोडीला मागं घ्या. अजून मागं."

त्यानं पहार जमिनीवर आपटली. आवाज भरीव आला नाही. खाली कुणीतरी रिकामा रांजण ठेवल्यागत आला. मग त्यानं माती उकरली, फरशीला पहारीचा टेका दिला… आणि फरशी आतच गेली. पडल्याचा आवाज यायला जरा वेळ लागला. भोकातून गार वारा आला, जुन्या ज्वारीचा कोंदट वास घेऊन. चांदणी फुरफुरली.

"शांतम्मांचं पेव," यासेर म्हणाला. "घरटी एक होतं. ज्वारी भरायची, फरशी लावायची, वर माती. गाव उठलं, पेवं राहिली. माणसाला पेलते फरशी. दौडत्या घोड्याला न्हाई पेलायची."

"तुम्हाला बरं सगळं ठाऊक."

"लपंडावात सगळ्यांच्या पेवांत लपलोय. डोळे मिटून सांगतो, कुणाचं कुठं."

"अन् घरं?"

तो बाभळीकडं बघत राहिला. "घरं आता न्हाई सांगता येत."

हुमाचा राग तिथंच विरायला हवा होता. पण खरं बोलणाऱ्या माणसाचा जेवढा राग येतो, तेवढा खोटं बोलणाऱ्याचा येत नाही. गावाला वळसा घालायचा म्हणजे कालव्याकडून लांबचा फेरा. वीरभद्रचा घोडा म्हातारा. तो माघार घेणार, हे सांगायला फिजिक्स लागत नव्हतं.

"चार राहतील," ती म्हणाली.

"मग चार."

"चार म्हणजे आर्केस्ट्रा."

"मग आर्केस्ट्रा. पेवात घोडा पडण्यापेक्षा बरा."

ती तरातरा निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्याचं नवं पोतं घोडीवर लादून हजर झाली. "कालव्याकडून मारा फक्की. सरळ मारा, सर म्हणवता ना?"

संध्याकाळी वीरभद्रनं नाव काढून घेतलं. हुमा ओट्यावर डोक्याला हात लावून बसली. यासेर अंगणात उभा होता, उगाच चष्मा पुसत.

"पाचवा मी… चांदणी द्याल तर."

"घोड्यावर बसलाय कधी?"

"बसलोय की. अब्बांच्या टांग्याच्या घोड्यावर."

"टांग्याच्या…" हुमानं कपाळावर हात मारला. आत खाटेवर नजीरमिया खोकल्याचं नाटक करून हसत होते.

मग रोज सकाळी तालीम. हुमा पुढं पायी, मागं चांदणीवर सर.

"टाचा खाली. कोपरं आत. खुडुक कोंबडीवाणी काय बसलाव?"

"पोरांना मी एवढं बोलत न्हाई."

"म्हणून ती तसली निघतात. माझ्याकडं काय बघता, पुढं बघा."

"तुम्ही पुढंच चालून राहिलाव की."

हुमा लगबगीनं घोडीचा तंग तपासायला वळली. तंग चांगला आवळलेला होता. तरी तिनं बराच वेळ तपासला…

उरसाच्या दिवशी दुपारी अवकाळी पावसाची सर आली. करडईवर टपटपली, धुळीचा वास उठवून गेली. दर्ग्यासमोर नगाऱ्यापाशी उभी हुमा टाचा उंचावून जुन्या गावाकडं बघू लागली. चुना पाण्यात राहतोय थोडाच. नगारा नालबंदांच्या घराण्याचा. यंदा पाचवा घोडा आल्यावर तो वाजवायचा, आणि नजीरमिया बाकावर बसले असल्यानं टिपऱ्या तिच्या हातात होत्या.

एक घोडा आला. दोन. तीन. चौथा संगप्पाचा, चिखलानं माखलेला.

"मास्तर कुठंय?" हुमानं विचारलं.

"वळणावर हाय. फक्की गेली वाहून. जुन्या गावाच्या तोंडाशी घोडी आडवी घालून उभा राह्यलाय, एकेकाला कालव्याकडं हाकलतोय. शेवटचा मी होतो. आता निघाला असंल."

आभाळ भरलेलं. तिकडं आर्केस्ट्रावाले माइक ठोकून बघत होते. गुरुबसप्पांनी घड्याळ पाह्यलं. "चारच, हुमे. दिवस मावळला."

हुमानं टिपऱ्या पाठीमागं लपवल्या. "कुठं मावळला? दाखवा."

"ढगात काय दाखवू?"

"मग मावळला म्हणून कसं म्हणता?"

लोक हसले. नजीरमिया बाकावरून म्हणाले, "अजानपर्यंत दिवस असतो, गुरुबसप्पा. ह्यो काय आजचा कायदा हाय?"

हुमा वाटेकडं डोळे लावून उभी. मूर्ख माणूस, ती मनात म्हणत होती. चष्मा भिजला असंल. दिसत तरी असंल का त्याला…

तो आला तो पायी. खांद्यावर लगाम, मागं चांदणी, हातात निखळलेला नाल.

"चालत आलेला मोजत न्हाईत," गुरुबसप्पांनी शेवटची काडी टाकून बघितली.

"दौड घोड्याची हाय, बुडाची न्हाई," नजीरमिया म्हणाले. काठी टेकत उठले, चांदणीच्या छातीला हात लावला, चारी पाय दाबून पाहिले, गुळाचा खडा पुढं केला. तिनं तो मटकावला. "पाच."

हुमा यासेरसमोर जाऊन उभी राहिली. "चौघांना वाट दाखवून स्वतः मागं राहायचं, वर पायी यायचं. जरा म्हणून काळजी न्हाई. इकडं माझा जीव…"

"जीव काय?"

"काही न्हाई. व्हा बाजूला."

"पुढच्या साली वळणावर मी उभा राहतो. चांदणीवर तुम्ही बसा."

"समिती मोजंल तवा."

"गुरुबसप्पांचा नातू माझ्या क्लासात हाय. मोजतील." त्यानं ओला चष्मा काढला. चष्म्याबिगर त्याचे डोळे फार भोळे दिसत होते. "आपल्या घरचा एक घोडा धराच म्हणावं."

"आपल्या?"

"आपल्या. तुमच्या अब्बांना विचारू… का आधी तुम्हाला?"

"एवढी पेवं सापडतात," हुमा म्हणाली, "अन् एवढं समजत न्हाई व्हय? आधी मला."

"विचारलं की."

तिकडं मशिदीचा भोंगा खरखरला. मुअज्जिननं घसा साफ केला.

"व्हय म्हणते मी," हुमा म्हणाली. "आता सरका. तुमच्या पायी नगारा राहील माझा."

आणि तिनं टिपरी अशी हाणली, की आर्केस्ट्रावाला माइक सोडून मागं सरला आणि नजीरमिया म्हणाले, "हळू पोरी, कातडं फाटंल. पुढच्या सालीबी लागायचंय."