गावितबाईंचा अभावांक

“जिला खो दिलास, तिच्याच चौकात बस. तरीही पळत राहिलीस तर फाऊल.”

आपल्या पहिल्या खो-खो प्रशिक्षक पद्माबाईंचे हे शब्द क्रीडा संचालक कुंदा गावित यांना मूल्यमापन प्रयोगशाळेच्या दारात आठवले. गावितबाईंना संचालकपदाची मुदतवाढ द्यायची की नाही, ते आज ठरणार होते.

आत कुलगुरू बोराडे आणि अभावगणकाच्या निर्मात्या डॉ. हेमांगी परचुरे बसल्या होत्या. परचुरेंनी तत्त्व थोडक्यात सांगितले. गणकात विद्यापीठाचे हुबेहूब प्रतिरूप होते. मैदाने, खेळाडू, सराव, दुखापतीसुद्धा. त्यातून एक माणूस वगळायचा आणि प्रतिरूप पाच वर्षे पुढे चालवायचे. जेवढी पडझड होईल, तेवढा त्या माणसाचा अभावांक. आधीच्या संचालकांचा, जुन्या नोंदींवरून काढलेला, ब्याण्णव होता.

गावितबाईंचा शून्य आला.

“माझासुद्धा अकरा भरला होता,” कुलगुरू अवघडून म्हणाले. “आणि मी तर निम्मा वेळ दौऱ्यावर असतो.”

बाईंचा चेहरा उतरला. पहाटे मैदानावर हजर राहण्याचा नेम त्यांनी तापातही मोडला नव्हता. आपल्यावाचून इथले अडेल, या समजुतीपायी डोंगरांतल्या मोलगीच्या नव्या महाविद्यालयाला दिलेला शब्द त्या लांबवत आल्या होत्या. त्यांचे माहेर त्याच डोंगरांतले. तिथे मैदान होते, मुली होत्या. शिकवणारे कोणी नव्हते. इकडचे मार्गी लागले की येते, असे त्या दरवेळी कळवत.

कुलगुरूंनी मुदतवाढ न देण्याचा विचार बोलून दाखवला. तेव्हा परचुरेंनी बाईंचे मागचे अंक पडद्यावर घेतले. पहिल्या वर्षीचा एक्क्याऐंशी होता; पुढे तो दरवर्षी उतरत गेला होता.

“सर, माणूस गेल्यावर किती पोकळी पडते, तेवढंच हा मोजतो. आधीच्या साहेबांनी सगळं मुठीत ठेवलं. ते गेले नि मैदानावर गवत वाढलं. बाईंनी एकेक काम दुसऱ्याला शिकवून सोपवलं. हे शून्य कमावलेलं आहे.”

 मग कुलगुरू म्हणाले, असे असेल तर बाईंना सोडून चालणार नाही.

“चालेल, सर,” गावितबाई हलकेच म्हणाल्या. “यंत्र तेच तर सांगतंय.”

मग त्यांनी परचुरेंना विचारले, मोलगीत आपला अंक किती येईल, ते काढता येईल का?

“त्याला गणक कशाला हवा, बाई? तुम्हांला वगळलेलं मोलगी आज आहेच की तिथे.”

बाईंनी हात जोडले आणि त्या उठल्या.

मैदानावर त्यांची सहायक हसीना तांबोळी पाठमोरी उभी राहून मुलींना चौकांत बसवत होती. बाईंनी तिच्या पाठीला तळवा टेकवला.

“खो.”

हसीना वळली. त्यांच्याकडे पाहताच तिला उमगले. “उद्या पहाटे, मॅडम?”

“तू आहेस ना.”

मैदानाला नमस्कार करून त्या फाटकाबाहेर पडल्या आणि मोलगीची गाडी कधी आहे, ते विचारायला स्टँडकडे चालू लागल्या.