वर चढणारी शीळ

मामा भाचीला पुढे ढकलतच आत आला. मावशी चष्म्याची तुटकी काडी दोऱ्याने बांधत होत्या. खाजगी तपासनीस म्हणून त्यांचा दरारा असा, की हरवलेली मांजरंसुद्धा त्यांचं नाव ऐकून आपल्या पायांनी घरी येत. शेजारचे निवृत्त दंतवैद्य समोर बसून पेपरावर डुलक्या घेत होते.

"हिने काही केलेलं नाही," मामा म्हणाला. "तरी हाकलायला निघालेत!"

भाचीला सगळे चिमणी म्हणत. विद्यापीठातल्या पोरांनी चपलांच्या खोक्याएवढे दोन उपग्रह आकाशात सोडले होते, थोरली आणि धाकटी. दोघींनी एकमेकींना आपणहून शोधून चिकटायचं, आणि चिमणीने खालून रेडिओ सांभाळायचा. काल दुपारी धाकटी हातभर अंतरावर आली, थबकली आणि मागे सरली.

"सर म्हणतात, मीच 'थांब' पाठवलं," चिमणी म्हणाली. "धाकटीची पोच आलीय म्हणे, माझ्या रेडिओ-परवान्याच्या खुणेसकट. मावशी, परवाना गेला तर माझं तोंडच बंद. आणि धाकटीत पुढेमागे सरकायचा वायू उरलाय तो उद्याच्या एका प्रयत्नापुरता."

"पोच तू ऐकलीस?"

"मला खोलीत पाऊलसुद्धा टाकू देत नाहीत."

"माझ्याबरोबर टाक. डॉक्टर, उठा. तोंड मिटा."

प्रयोगशाळेत टेबलावर अगदी तशीच तिसरी बसली होती. तिला आकाश नशिबी नव्हतं. जमिनीवरच्या तालमीसाठी ठेवलेली.

सर घुश्शातच होते. "पडद्यावर स्वच्छ अक्षरं आहेत, बाई. आलेल्या पोचा लावून ठेवायचं काम भिंगाचं, आमच्या या कॅमेरावाल्या पोराचं. ही त्यानेच काल संध्याकाळी दाखवली."

"आवाज ऐकलात?"

"आवाज कशाला ऐकायचा? कंप्युटर अक्षरं काढून देतो की."

दोघींची पकड बनवणारा पकड्या तर फणफणतच होता. "पकडीत काही खोट नाही! काल गोंधळ झाल्यावर सर आणि मी खाली वर्कशॉपमध्ये तीच तपासत बसलो होतो. हिला मामा घेऊन गेला होता."

"मग उपग्रह पुढच्या फेरीला डोक्यावर आले तेव्हा इथे कोण होतं?"

"मी," भिंग म्हणाला. धाकटीला कॅमेऱ्यातून वाट दाखवणारा प्रोग्रॅम त्याचा. "पण काही ऐकू आलं नाही. दोघी गप्प."

"आज सकाळी तर ठणठणीत बोलल्या!" पकड्या म्हणाला.

"तुझा प्रोग्रॅम आपणहून थांबतो का रे?" मावशींनी विचारलं.

"छे! तशी सोयच नाही त्यात."

मावशींनी जुन्या फेऱ्यांचे आवाज लावायला सांगितले. उपग्रहाची प्रत्येक शीळ सरळ, एका सुरात. मग कालची पोच लावली.

"ही किटली तापत आलीय वाटतं," डॉक्टर म्हणाले. शीळ हळूहळू वर चढत होती. डॉक्टर स्वतःच हसले. चिमणी मात्र ताठ झाली.

"चिमणे, या सगळ्यांना नीट सांग. उपग्रहाची शीळ खरी कशी येते?"

"रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी. जवळ येताना तीक्ष्ण, लांब जाताना उतरत जाते. फेरी चालू असली की कंप्युटर ती जितकी उतरेल तितकी वर उचलतो. म्हणून आम्हाला सरळ ऐकू येते."

"आणि शीळ घालणारी जागची हललीच नाही तर?"

पकड्याने पोच पुन्हा लावली.

"कंप्युटर बिचारा आज्ञाधारक," मावशी म्हणाल्या. "न उतरणारी शीळही तो उचलत बसला, म्हणून ती चढली. ही पोच आकाशातली नाहीच. ती या टेबलावरची आहे."

"म्हणजे तिसरी?" डॉक्टरांची झोप उडाली.

"तिला चिमणीची खूण लावून 'थांब' सांगा, ती मुकाट्याने पोच देते. पण उचलाउचल होते फक्त फेरी चालू असताना. पहिल्या फेरीला सगळे इथे होते. दुसरीला एकटा भिंग. तेव्हा दोघी गप्प का? कारण छतावरच्या अँटेनाची तार काढून तिथे तिसरीची जोडली होती. मग त्याने या पोचेवर पहिल्या फेरीची वेळ टाकली आणि खरी पोच पुसली. ती लावायचं काम त्याचंच. आता राहिलं एवढंच, की खऱ्या पोचेत काय होतं. भिंगा?"

भिंगाने चष्मा काढला. "'स्वतः थांबले.' कॅमेऱ्यात ऊन शिरलं. प्रोग्रॅमला वाटलं, समोर काहीतरी आडवं आलं. घाबरून मागे फिरला. सोय होती त्यात... मीच ठेवलेली. सगळे मला हसले असते."

"म्हणून माझा गळा धरलास?" चिमणी म्हणाली.

"चालता हो!" सर गरजले.

"नाही सर," चिमणी म्हणाली, "तो कुठे जात नाही. त्याचा प्रोग्रॅम तुम्हाला कळतो? मला नाही कळत. उद्या ऊन परत येणारच. भिंगा, बस खाली. उन्हाचं काय ते आत्ता लिही. तुला शिव्या मी नंतर निवांत बसून देईन."

सरांनी तोंड उघडलं, मग खुर्चीच भिंगापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी चिमणी पुन्हा रेडिओपाशी बसली. आपली खूण सांगून तिने हुकूम सोडला. दोन शिळा ऐकू येत होत्या. मग एक तटकन तुटली.

"गेली!" डॉक्टर किंचाळले. "अहो, धाकटी गेली!"

आणि सगळी खोली नाचायला लागली. पकड्याने सरांना उचललं. भिंग मात्र कोपऱ्यात खाली मान घालून रडत होता.

"डॉक्टर," चिमणी डोळे पुसत म्हणाली, "चिकटली की धाकटीने गप्प बसायचं, असं ठरवलंय आम्ही. आता दोघींच्या वतीने थोरली बोलणार."

डॉक्टरांनी मान डोलावली.

"आमच्या घरात," ते म्हणाले, "हे कुणालाच जमलं नाही."