निर्दुःख माल

कंटेनर दुसऱ्यांदा बंदरावरून परत आला, तेव्हा सोलापूरच्या त्या टॉवेलच्या कारखान्यात कुणी कुणाला काही विचारलं नाही. फाटकातून तो आत शिरताना बायकांनी खिडकीतून पाहिलं आणि माना खाली घालून पुन्हा शिवायला घेतलं. फक्त नागमणी दुडमचं मशीन थांबलं. कंटेनर तिच्यामुळे परत आला होता. हे तिला ठाऊक होतं आणि सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तसं पाहिलं तर कारखान्यात नाव ठेवायला जागा नव्हती. शेडमध्ये हवा खेळती, पाळणाघर स्वच्छ, पगार वेळेवर आणि जादा काम अजिबात नाही. मालक सिद्राम चडचणकर काही संत नव्हते. त्यांच्या वडिलांच्या काळात याच शेडमध्ये बायका पायाला सूज येईपर्यंत उभ्या असत. परदेशी तपासनीस येणार म्हटलं की आदल्या दिवशी रंगरंगोटी होई, कोवळ्या पोरींना मागच्या दारानं घरी धाडलं जाई आणि उरलेल्यांना काय बोलायचं ते पढवून ठेवलं जाई. तपासनीस काजू खाऊन, शाल पांघरून खुशीत परत जात. ही सगळी नाटकं बंद पडली ती क्लेशांक आल्यावर.

क्लेशांकाची कल्पना समजायला सोपी आहे. माणूस घाबरला, दमला, आतून पिळवटला, की त्याच्या घामातली काही रसायनं बदलतात. बोटांच्या टोकांतून ती अगदी सूक्ष्म प्रमाणात झिरपत राहतात. टॉवेलची वीण मुळात शोषून घेण्यासाठीच केलेली. ती पाण्याबरोबर ही रसायनंही शोषून घेते आणि सहजासहजी सोडत नाही. बंदरावरचं यंत्र कंटेनरमधली हवा ओढून घेतं आणि एक आकडा सांगतं. हा माल करताना माणसांना किती क्लेश झाले, त्याचा तो आकडा. व्यापारकरार करताना घेणाऱ्या देशांनी कलमच घातलं, की ठरलेल्या मर्यादेच्या वर क्लेशांक असलेला माल आमच्या किनाऱ्याला लागणार नाही. त्यांना दुसऱ्याच्या दुःखानं अंग पुसायचं नव्हतं, आणि यात त्यांचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. आपल्या सरकारनंही हौसेनं सही केली. तपासनिसाला चहा पाजता येतो, यंत्राला काय पाजणार? मालकांनी आधी कपाळाला हात लावला, मग पंखे बसवले, मग पगार वाढवले. बायका हसतखेळत कामावर येऊ लागल्या. हे सगळं खरोखरच घडलं आणि चांगलंच घडलं.

यंत्रात उणीव एकच होती. दुःख किती ते त्याला कळे, कशाचं ते कळत नसे.

नागमणीची मुलगी स्वरूपा याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. उन्हाळ्यातल्या एका सकाळी मायलेकींचं भांडण झालं. स्वरूपाला हैदराबादला जाऊन पुढं शिकायचं होतं. नागमणी तोडून बोलली, की तुझा बाप सोडून गेला तशी तूही जा, मला सवय आहे. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण पोरगी तोवर डबा न घेताच निघून गेली होती. नागमणीची त्या दिवशी सुट्टी होती. संध्याकाळी तिनं मुलीच्या आवडीची पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी केली आणि दारात वाट बघत उभी राहिली. स्वरूपा मैत्रिणीच्या स्कूटरवरून येत होती. नाक्यावर ट्रकनं धक्का दिला. मैत्रीण वाचली, पण तिला त्या दिवसातलं पुढं काहीच आठवेना.

तेरावं झाल्यावर शेजारच्या मशीनवरची यल्लव्वा एक टॉवेल घेऊन घरी आली. स्वरूपाच्या मशीनवर राहिलेला, तिच्या हातचा शेवटचा. पांढराशुभ्र टॉवेल, पण सुरुवातीचा थोडा भाग सोडला तर सगळी कड गुलाबी धाग्यानं शिवलेली. आजवर तिच्या हातून अशी चूक कधी झाली नव्हती. नागमणीनं त्या गुलाबी धाग्याकडे पाहिलं आणि तिच्या मनानं घेतलं, की पोरीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माझे शब्द डोक्यात घोळवत ती दिवसभर बसली आणि तशीच गेली. तो टॉवेल तिनं उशाशी ठेवला.

तिला भरपगारी रजा मिळाली. घरात ती अधिकच खचली, म्हणून परत कामावर आली, आणि तिच्या बोटांतून ते दुःख टॉवेलांत उतरू लागलं. एका टॉवेलातलं शेजारच्या टॉवेलाला लागलं आणि सगळा कंटेनर नापास झाला. तिला काढून टाकावं, तर तीही सोय नव्हती. दुःखी कामगारांना मालक हाकलून देतील, ही भीती कायदा करणाऱ्यांना आधीच सुचली होती. म्हणून माल नापास झाल्यावर कुणाला पुन्हा रजेवर धाडलं, दुसऱ्या कामाला लावलं किंवा कुणी काम सोडलं, अगदी आपण होऊन सोडलं, तरी कारखान्याचा परवाना रद्द होई. तिसरा कंटेनर परत आला तरीही रद्द होई. कायदा कामगारांच्या बाजूचा होता. त्यानं नागमणीला पुरतं कोंडीत पकडलं होतं.

असं का होतंय ते बघायला सरकारनं पुण्याहून डॉक्टर हेमांगी रणपिसे यांना पाठवलं. बंदरावरचं यंत्र त्यांनीच बनवलेलं. बाई साध्या होत्या, ऐटीत न राहणाऱ्या. त्यांनी सगळी शेड पाहिली, बायकांशी बोलल्या आणि शेवटी नागमणीसमोर स्टूल ओढून बसल्या. यात तुमचा काही दोष नाही, असं त्यांनी आधी सांगितलं. मग शमनाबद्दल सांगितलं.

शमन म्हणजे दंडात टोचायची एक लस. मनातलं दुःख शरीरात उतरण्याची जी वाट असते, ती या लशीनं बंद होते. सरकारी योजनेत ती मोफत होती आणि कागदोपत्री पूर्णपणे ऐच्छिक.

"आठवण जात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला सगळं आठवेल. फक्त ते अंगात उतरणार नाही."

"म्हंजे पोरगी आठवंल, पण दुखणार नाही."

"हो."

"दुखलं नाही तर आठवून काय करू, मॅडम?"

लशीचा असर कधी उतरतो, असं नागमणीनं विचारलं. डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. शरीर एकदा ती वाट विसरलं की बहुधा पुन्हा शोधत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

त्या आठवड्यात कारखान्यातल्या बायका एकेक करून नागमणीच्या घरी आल्या. कुणी भाजी आणली, कुणी पीठ. कंटेनरचा विषय कुणीच काढला नाही. इकडचं तिकडचं बोलून त्या उठल्या. यल्लव्वा तेवढी दारात रेंगाळली आणि म्हणाली, "अक्का, तुला वाटंल तसं कर. आम्ही काय बी म्हणणार नाही." तिचं धाकटं पोर कारखान्याच्या पाळणाघरात वाढत होतं. नागमणीला वाटलं, ही भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना सांगून टाकलं, की टोचून घेते. मात्र उशाचा टॉवेल ती बरोबर घेऊन गेली होती.

"तुमचं मशीन ह्ये सांगंल का," तिनं विचारलं, "त्या दिवशी माझी पोरगी कशी होती?"

डॉक्टरांनी टॉवेलची गुलाबी कड निरखून पाहिली. बंदरावरचं यंत्र फक्त क्लेश मोजतं, त्या म्हणाल्या. माणसाच्या मनात आणखी काय काय होतं ते पाहायचं तर पुण्याच्या प्रयोगशाळेत तुमच्या हातचं वेगळं काढून धागा धागा वाचावा लागेल. त्याला काही आठवडे लागतील. तोवर थांबता आलं असतं तर नागमणी थांबली असती. पण तिसरा कंटेनर भरायला घेतला होता.

"काय निघंल ते मला येऊन सांगा," ती म्हणाली. "फोनवर नको. वाईट असलं तरी सांगा. मला ते ऐकायचंच हाय."

डॉक्टरांनी तिला शब्द दिला.

शमन टोचून घेतल्यावर नागमणीला काहीच झालं नाही. त्या रात्री तिला शांत झोप लागली. सकाळी भूक लागली, तिनं दोन भाकरी खाल्ल्या. भिंतीवरच्या स्वरूपाच्या फोटोवर धूळ बसली होती, ती तिनं पुसली. फोटो चांगला आला होता. संध्याकाळी पाय सवयीनं दाराकडे वळले. तिथं उभी राहिल्यावर आपण कुणाची वाट बघत असू, हे तिला नीट आठवलं. मग ती आत जाऊन कणीक मळायला बसली. आपल्याला काही होत नाही याचंही तिला काही वाटलं नाही.

तिसरा कंटेनर पास झाला. चडचणकरांनी पेढे वाटले आणि बायकांनी नागमणीचे हात हातात घेतले. तिनं पेढा खाल्ला. यल्लव्वा मात्र त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळू लागली.

पुढच्या महिन्यात डॉक्टर रणपिसे आल्या. टॉवेल त्यांनी जपून, कोऱ्या पिशवीत घालून आणला होता. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली, तेव्हा त्या नागमणीच्या मशीनशेजारी बसल्या. निघताना त्यांच्या मनात आलं होतं, की हे ऐकून कदाचित तिच्यात काहीतरी हलेल. शास्त्र नाही म्हणत होतं, तरी त्या आशा धरून आल्या होत्या.

"भांडणाचा राग पहिल्या टोकाशी आहे," त्या सांगू लागल्या. "अगदी थोडा. पुढं तो नाहीसा होतो. गुलाबी धागा जिथं सुरू होतो ना, तिथून पुढं तुमची मुलगी आनंदात आहे. इतका आनंद मी आजवर कुठल्याच कापडात वाचलेला नाही. कशाचा ते मला सांगता येत नाही. पण चूक दुःखानं झालेली नाही, नागमणीबाई. आनंदाच्या भरात तिचं धाग्याकडे लक्षच नव्हतं."

नागमणीनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. एकेक शब्द तिला समजला. हेच ऐकायला आपण तळमळत होतो, हेही आठवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "इतक्या लांबून आलात मॅडम, पाणी देऊ?"

मग तिनं पिशवीतून टॉवेल काढला, मांडीवर पसरला आणि उलटसुलट करून पाहिला. डाग नव्हता, फाटलेलं नव्हतं. तिनं मशीनच्या खणातून टाके उसवायचं हत्यार घेतलं आणि गुलाबी शिलाई टाका टाका उसवायला लागली. डॉक्टरांनी घाईघाईनं विचारलं, की हे काय करताय, हा घरी ठेवा ना.

"घरी कशाला? माल चांगला हाय. नुसता धागा चुकलाय."

गुलाबी धागा सरसर निघून फरशीवर पडत गेला. नागमणीनं सुईत पांढरा धागा ओवला आणि कड पुन्हा सरळ, सुबक शिवली. टॉवेलची घडी घालून ती परदेशी जाणाऱ्या गठ्ठ्यावर ठेवली. डॉक्टरांना आता राहवलं नाही. त्यांचे डोळे भरून वाहू लागले. ती घडी परत उचलून घेण्यासाठी त्यांनी हात पुढं केला.

नागमणीनं त्यांचं मनगट हळूच धरलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आपुलकीच होती.

"हात नका लावू, मॅडम. रडायलाव तुम्ही. माल परत येईल."