उसनं कातडं

सकाळी सहा वाजता राजाबाईच्या कळपातलं आणखी एक कोकरू मेलं. साल त्र्याहत्तर. दुष्काळात सांगोल्याहून निघालेली तिची मेंढरं सोलापूरबाहेर, एकरुख तलावाच्या आटलेल्या काठावर बसली होती. पशुवैद्य धोंडप्पा जीपमधून उतरले.

"मरायला लागली की सुया घिऊन येतायसा," राजाबाई म्हणाली. "जिती हुती तवा कुटं हुता?"

"रक्ताचा निकाल आलाय. रोग पसरवणारं कोकरू एकच आहे. ते काढलं तर बाकीची वाचतील."

त्यांनी बोट दाखवलं. कळपाभोवतीच्या जाळीजवळ एक केसाळ कोकरू निवांत उभं होतं.

"ह्ये? ह्याला तर काय बी झालं न्हाय की!"

हेच धोंडप्पांना रात्रभर सतावत होतं. बाकी मेंढरांच्या रक्तात विषाणूशी झुंजल्याच्या खुणा होत्या. याच्या रक्तात विषाणू खच्चून भरलेला, आणि झुंजीची एकही खूण नाही.

"आईच्या पोटात असतानाच रोग याच्यात शिरला," ते म्हणाले. "आपलं कोण, परकं कोण, हे रक्त शिकायच्या आधीच. त्यामुळं रक्त त्याला घरचाच समजतं."

राजाबाईनं कोकराकडं पाहिलं.

"म्याच घातलं त्याला कळपात. आई मेली हुती त्याची. दुसरीचं कोकरू मेलेलं जन्मलं, त्याचं कातडं काडून ह्याच्या अंगावर बांदलं. समदे धनगर बांदत्यात. तिनं वास घेतला, पाजलं. चार दिसांनी सोडाया गेले, तर नुसती दोरी. कातडं न्हाईच."

"कुत्र्यानं ओढलं असेल."

"गाठ तशीच हुती, डाक्तर."

धोंडप्पांनी कोकरू उचललं. ते ओरडलं नाही.

ओरडल्या त्या मेंढ्या. फक्त पाजणारी नाही, सगळ्याच. एकेक जवळ आली, हुंगली, आणि हरवलेलं पिल्लू सापडल्यावर काढतात तसा हलका आवाज काढू लागली. स्वतःची कोकरं कासेला लागायला आली, तशी त्यांनी ती लाथांनी उडवली.

रक्तासारख्याच मेंढ्याही त्याला घरचा समजत होत्या. एवढं बिनचूक सोंग धोंडप्पांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"न्या त्याला," राजाबाई म्हणाली.

जीप निघाली. मेंढ्या मागून चालू लागल्या.

दुपारपर्यंत सगळ्या धोंडप्पांच्या प्रयोगशाळेच्या भिंतीशी आल्या. संध्याकाळी कोकराला मारायचं इंजेक्शन दिलं. धोंडप्पांनी समोर उभं राहून ते भिंतीलगत चुन्यात पुरून घेतलं.

त्याला आता आठवडा झाला. मेंढ्या भिंत सोडत नाहीत. राजाबाई भुकेली कोकरं एकेकीच्या कासेला लावते. त्या लाथ मारतात. तिनं धार काढायला हात घातला तरी उसळतात.

दिवे लागायच्या वेळी त्यांच्या कासा दुधानं तटतटलेल्या असतात.

सकाळी रिकाम्या.